चिरा छोटा, पण हृदय तर थांबतंच! झडपेच्या ऑपरेशनमध्ये हृदयाचा स्नायू कसा जपतात?

लोकलमध्ये नेटवर्क गेलंय, इयरफोन घरी राहिलेत किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, अशा सगळ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मधेमधे येणारे "अं..." आणि "काय म्हणतात ते" तेवढे काढलेत. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

हृदयाच्या झडपांवरचा भाग झाल्यावर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "आईच्या झडपेचं ऑपरेशन दुर्बिणीतून करणार आहेत. बरगड्यांमधून छोटासाच छेद घेतात म्हणे. म्हणजे हृदय बंद वगैरे करत नाहीत ना?"

करतात. बहुतेक वेळा करतातच. आणि मोठ्या चिऱ्याच्या ऑपरेशनपेक्षा बऱ्याचदा थोडा जास्त वेळ बंद ठेवतात.

हे ऐकून घाबरू नका, पूर्ण ऐका. मी परफ्युजनिस्ट आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन असतात, भूलतज्ज्ञ असतात, आणि एका बाजूला नळ्या-पंपांच्या यंत्रापाशी एक व्यक्ती बसलेली असते, ती मी. हार्ट-लंग मशीन चालवणं आणि हृदय थांबवायचं औषध देणं हे माझं रोजचं काम. म्हणून आज झडप कशी शिवतात किंवा बदलतात, ते सांगणार नाही. झडपेचं काम चालू असताना बाकीचं हृदय जिवंत कसं ठेवतात, ते सांगणार आहे.

आधी एक गोंधळ दूर करूया

"छोट्या छेदातून झडपेचं काम" या नावाखाली लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

पहिली गोष्ट कॅथेटरची. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. आकसलेली मायट्रल झडप फुग्याने उघडतात, किंवा टॅव्ही या पद्धतीने महाधमनीच्या जुन्या झडपेत नवी झडप बसवतात. टॅव्ही पहिल्यांदा २००२ साली फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी केली. यात हृदय चालूच असतं. फार तर काही सेकंद पेसिंगने ते खूप जोरात धडकायला लावतात, म्हणजे रक्ताचा झोत कमी होतो आणि झडप जागेवरून सरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मिनिमली इन्व्हेसिव्ह सर्जरी. यात सर्जन खरोखर हृदय उघडतात, झडप डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यातून बघतात आणि टाके घालून ती दुरुस्त करतात किंवा बदलतात. फरक एवढाच, की छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत कापत नाहीत. मायट्रल झडपेसाठी उजव्या बाजूला दोन बरगड्यांच्या मधून साधारण ४ ते ६ सेंटिमीटरचा छेद घेतात. महाधमनीच्या झडपेसाठी हाडाचा फक्त वरचा भाग उघडतात, किंवा उजवीकडे वरच्या दोन बरगड्यांमधून आत जातात. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिका आणि युरोपात सुरू झाली.

आजचा विषय ही दुसरी गोष्ट. बाहेरचा छेद लहान झाला, पण आतलं ऑपरेशन तेवढंच मोठं आहे.

हृदय थांबवायचं कशासाठी?

दोन कारणं आहेत. पहिलं तर उघडच आहे. दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकणाऱ्या, हलणाऱ्या गोष्टीवर केसाएवढ्या बारीक धाग्याने टाके घालणं अवघड आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हृदयाची डावी बाजू उघडल्यावर आत हवा शिरते. तेव्हा हृदय धडकत असेल, तर ती हवा थेट मेंदूकडे पंप होईल. म्हणून डावी बाजू उघडी असेपर्यंत हृदयाने शांत राहिलेलं बरं.

मग शरीराला रक्त कोण पुरवणार? हार्ट-लंग मशीन. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियामध्ये जॉन गिबन यांनी ते वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. शरीरातलं निळसर रक्त मशीनमध्ये येतं, त्यात ऑक्सिजन मिसळला जातो आणि ते पुन्हा महाधमनीत सोडलं जातं. मेंदू, किडनी, यकृत, सगळ्यांची सोय होते.

सगळ्यांची म्हणजे एक सोडून सगळ्यांची. हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या दोन कोरोनरी धमन्या महाधमनीच्या अगदी सुरुवातीला, झडपेच्या लगेच वर फुटतात. झडपेवर काम करताना तिथे रक्त नको, म्हणून सर्जन महाधमनीला त्या जागेच्या वर एक क्लॅम्प लावतात. मशीनचं रक्त क्लॅम्पच्या पलीकडे राहतं आणि हृदय अलीकडे. घरातल्या सगळ्यांना गरमगरम वाढणारी आई स्वतः मात्र उपाशी राहते ना, तसं त्या वेळी हृदयाचं होतं.

आणि हृदय हा भुकेला अवयव आहे. आपलं शरीर एकूणात रक्तातला साधारण पाव ऑक्सिजन घेतं. हृदय मात्र त्याच्याकडे आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन आराम करतानाही काढून घेतं. म्हणजे राखीव साठा जवळपास नाहीच. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला रक्तपुरवठा पूर्ण थांबला, तर साधारण २० मिनिटांनंतर काही पेशी कायमच्या मरायला लागतात. आणि हृदयाच्या स्नायूच्या मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी जवळजवळ घेत नाहीत. तिथे व्रणच राहतो.

झडपेचं काम तर २० मिनिटांत होत नाही. तासभर लागतो, कधी दीड तास, कधी त्याहून जास्त. मग हे जमतं कसं?

गणित सोपं आहे: भूकच कमी करा

पुरवठा बंद आहे, म्हणून मागणी खाली आणायची. काम करणारं हृदय मिनिटाला दर १०० ग्रॅम स्नायूमागे साधारण ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. मशीनवर घेऊन ते रिकामं केलं, म्हणजे आत रक्त नाही पण धडधड चालू आहे, तर वापर जवळपास निम्म्यावर येतो. धडधड पूर्ण थांबवली, की १ मिलिलिटरच्या आसपास. आणि थांबवून शिवाय २२ अंशांपर्यंत थंड केलं, तर ०.३ च्या आसपास.

आकडे पुन्हा बघा. सगळ्यात मोठी बचत होते ती रिकामं करून थांबवण्यात. थंडाव्याने त्यात भर पडते. बऱ्याच जणांना वाटतं, की बर्फ ही मुख्य गोष्ट आणि थांबवणं सर्जनच्या सोयीसाठी. स्नायूच्या दृष्टीने उलटं आहे. नीट, झटकन आणि पूर्ण थांबणं हेच त्याचं पहिलं संरक्षण.

थांबवणाऱ्या द्रावणाला कार्डिओप्लेजिया म्हणतात. त्यातला मुख्य घटक पोटॅशियम. हो, केळ्यात आणि शहाळ्यात असतं तेच. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असतं. कार्डिओप्लेजियामध्ये ते १६ ते २० किंवा त्याहून थोडं वर नेतात. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आत-बाहेर विजेचा एक फरक असतो, आणि धडकण्याचा सिग्नल त्या फरकावर चालतो. बाहेर पोटॅशियम वाढलं, की तो फरक कमी होऊन अडकतो आणि पुढचा सिग्नल उठतच नाही. हृदय सैल पडलेल्या अवस्थेत थांबतं. सैल हे महत्त्वाचं, कारण आवळलेला स्नायू थांबलेला असला तरी ऊर्जा खातच राहतो.

मॉनिटरवर ईसीजीची रेघ सपाट होते. सिनेमात सपाट रेघ दिसली की रडारड सुरू होते. आमच्या थिएटरमध्ये ती दिसली, की सगळे कामाला लागतात.

ही युक्ती सरळ हाती लागली नाही

१९५५ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये डेनिस मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेट देऊन हृदय थांबवता येतं, हे दाखवलं. कल्पना अचूक होती, पण पोटॅशियम फार तीव्र होतं. काही वर्षांत लक्षात आलं, की त्याने स्नायूलाच इजा होते. मग ही पद्धत बाजूला पडली.

पुढची दहा-बारा वर्षं सर्जन वेगवेगळ्या वाटा शोधत होते. कुणी हृदयावर बर्फाचं पाणी ओतायचं, कुणी थोडा वेळ क्लॅम्प लावायचं, थोडा वेळ काढायचं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये डेंटन कूली यांनी एका भयंकर अवस्थेचं वर्णन केलं. ऑपरेशननंतर काही हृदयं दगडासारखी घट्ट आवळलेली राहायची, पुन्हा सुरूच व्हायची नाहीत. त्यांनी तिला 'स्टोन हार्ट' म्हटलं. झडप उत्तम बसली, पण स्नायू गेला, असा तो प्रकार.

त्यानंतर पोटॅशियम परत आलं, पण कमी मात्रेत. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये तयार झालेलं द्रावण १९७५ पासून रुग्णांना देऊ लागले. जर्मनीत ब्रेटश्नायडर यांनी वेगळ्याच तत्त्वावरचं द्रावण बनवलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये जेराल्ड बकबर्ग यांच्या गटाने रुग्णाचं स्वतःचं रक्तच पोटॅशियमचं वाहन म्हणून वापरलं. रक्तासोबत ऑक्सिजनही जातो आणि आम्ल शोषून घेण्याची ताकदही.

आज आमच्या ट्रॉलीवर काय असतं?

ढोबळमानाने तीन पर्याय.

पहिला, रक्तमिश्रित कार्डिओप्लेजिया. साधारण चार भाग रक्त आणि एक भाग द्रावण. दर १५ ते २० मिनिटांनी पुन्हा द्यावं लागतं.

दुसरा, डेल निडो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पिट्सबर्ग विद्यापीठात पेद्रो डेल निडो आणि सहकाऱ्यांनी तो लहान मुलांच्या हृदयासाठी तयार केला. पुढे मोठ्यांसाठीही वापरू लागले. इथे प्रमाण उलटं असतं, एक भाग रक्त आणि चार भाग द्रावण. पोटॅशियमसोबत लिडोकेन असतं. तेच, दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करतात ते. ते पेशीचं सोडियमचं दार बंद ठेवतं. मॅग्नेशियम कॅल्शियमला आत घुसू देत नाही. मॅनिटॉल सूज कमी ठेवतं आणि सोडा बायकार्ब आम्ल मारतो. नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिलिटर, कमाल साधारण एक लिटर. एका डोसवर ६० ते ९० मिनिटं मिळतात.

तिसरा, ब्रेटश्नायडर यांचं द्रावण, ज्याला एचटीके म्हणतात. यात सोडियम आणि कॅल्शियम इतकं कमी असतं, की पेशीला सिग्नल पाठवायला कच्चा मालच मिळत नाही. ६ ते ८ मिनिटं सावकाश, बऱ्याच प्रमाणात देतात आणि एका डोसवर दोन तासांच्या वर काम चालतं. तोटा असा, की एवढं कमी सोडियमचं पाणी शरीरात गेलं, की रक्तातलं सोडियम खाली येतं. त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? सगळ्यांसाठी एकच असं उत्तर नाही. झडप कोणती, स्नायू किती जाड, वेळ किती लागणार आणि टीमचा हात कशावर बसलाय, यावर ते ठरतं.

पण छोट्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये एका डोसवर जास्त वेळ देणाऱ्या द्रावणांकडे कल का असतो, ते आता कळेल.

छेद लहान झाला, की काय अवघड होतं?

मोठ्या चिऱ्यात हृदय समोर असतं. सर्जन हात घालून बघू शकतात: थंड लागतंय का? सैल आहे का? फुगलंय का? वरून बर्फ टाकता येतो. गरज पडली तर दुसरी नळी घालता येते.

उजव्या बरगड्यांमधून गेल्यावर यातल्या बऱ्याच सोयी जातात.

एक, हात पोचत नाही. हृदयाचा सगळ्यात कष्टाळू भाग, म्हणजे डावा खालचा कप्पा, छेदापासून सगळ्यात लांब. तो फुगतोय का हे स्पर्शाने कळत नाही. ते काम अन्ननलिकेत घातलेली इको करते. भूलतज्ज्ञ स्क्रीनवर बघून सांगतात. फुगलेल्या कप्प्यात आतला दाब वाढतो आणि औषध स्नायूच्या आतल्या थरापर्यंत पोचत नाही. म्हणून महाधमनीच्या मुळाशी घातलेल्या लांब सुईतूनच आत साठणारं रक्त ओढूनही घेतात.

दोन, बर्फ नीट टाकता येत नाही. त्यात फुफ्फुसांकडून थोडं कोमट रक्त हृदयात येतच राहतं. ते स्नायूला हळूहळू गरम करतं आणि औषध धुऊन नेतं. म्हणून काही टीम मशीनवरून सगळं शरीरच थोडं थंड करतात. आणि म्हणूनच माझी नजर ईसीजीवर असते. सपाट रेघेत बारीकशी जरी हालचाल दिसली, तरी स्नायू जागा होतोय आणि ऊर्जा खातोय. "सर, ॲक्टिव्हिटी आहे", असं मी म्हणते आणि पुढच्या डोसची वेळ झाली नसली तरी तो दिला जातो.

तीन, क्लॅम्प लावायची रीतच बदलते. मशीनच्या नळ्या जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून घालतात. क्लॅम्प वेगळ्या छोट्या भोकातून, लांब दांड्याचा. दुसरी पद्धत म्हणजे जांघेतून वर नेलेला फुगा महाधमनीत फुगवायचा. तो फुगाच क्लॅम्पचं काम करतो आणि त्याच्या टोकातून कार्डिओप्लेजिया जातो. पण फुगा सरकला तर मेंदूकडे जाणारी वाट अडू शकते. म्हणून दोन्ही हातांच्या धमन्यांमधला दाब सतत बघतात. उजव्या हातातला दाब अचानक पडला, तर फुगा वर सरकल्याची शंका घेतात.

चार, औषधाची वाट. नेहमीची वाट समोरून, म्हणजे महाधमनीच्या मुळातून कोरोनरी धमन्यांत. पण महाधमनीची झडपच गळकी असेल तर? गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं. औषध स्नायूत जाण्याऐवजी झडपेतून मागे डाव्या कप्प्यात जातं आणि कप्पा फुगतो. अशा वेळी महाधमनी उघडून दोन्ही कोरोनरींच्या तोंडाशी बारीक नळी धरून औषध देतात. किंवा मागच्या वाटेने, म्हणजे हृदयाच्या शिरेतून उलट दिशेने. मागच्या वाटेने उजव्या कप्प्याला औषध कमी पोचतं, हा तिचा दोष. आणि छोट्या छेदातून ती नळी बसवणंही कटकटीचं. एक डोस देऊन लांबपर्यंत निभावणारी द्रावणं इथे उपयोगी पडतात. दर वीस मिनिटांनी सर्जनना टाके थांबवून नळ्या पुन्हा लावाव्या लागत नाहीत.

पाच, वेळ. लांब दांड्याची हत्यारं, अरुंद जागा, कॅमेऱ्याची स्क्रीन. सरावाच्या टीमलाही क्लॅम्पचा वेळ बऱ्याचदा जास्त लागतो. क्लॅम्पचं एकेक मिनिट मी मोजत असते आणि ठरावीक वेळाने मोठ्याने सांगते. छेद किती सेंटिमीटरचा आहे हे स्नायूला माहीत नसतं. त्याला कळतं ते एवढंच, की किती मिनिटं झाली, औषध नीट पोचलं का, आणि तो फुगला होता का.

काही रुग्णांत क्लॅम्प न लावताही काम करतात, विशेषतः आधी एकदा छाती उघडलेली असेल तर. हृदय रिकामं आणि थंड करून ते फक्त थरथरत ठेवायचं, कोरोनरीत रक्त चालू ठेवायचं. हा पर्याय निवडक रुग्णांसाठी असतो.

परत सुरू करणं, हाही जपण्याचाच भाग

झडप झाली, हृदय शिवलं, आता क्लॅम्प काढायचा. इथेही घाई चालत नाही. खूप दिवसांच्या उपवासानंतर कुणी ताटभर जेवत नाही, पेजेपासून सुरुवात करतात. तासभर उपाशी राहिलेल्या स्नायूवर एकदम दाबाने रक्त सोडलं, तर पेशींत कॅल्शियमचा लोंढा जातो आणि वाचलेल्या पेशींनाही इजा होते. म्हणून पहिली काही मिनिटं दाब बेताचा ठेवतात. काही ठिकाणी क्लॅम्प काढण्याआधी कोमट रक्ताचा एक डोस देतात.

मग हवा. रुग्ण पाठीवर झोपलेला असतो आणि उजव्या कोरोनरीचं तोंड सगळ्यात वर असतं, त्यामुळे उरलेला बुडबुडा आधी तिकडे जातो. त्यासाठी ऑपरेशन चालू असतानाच छातीत कार्बन डायऑक्साइड सोडून ठेवतात. तो हवेपेक्षा जड असल्याने हवेला बाहेर ढकलतो, आणि राहिलाच तर रक्तात पटकन विरघळतो. इकोवर बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत वाट बघतात.

हृदय कधी आपोआप धडकायला लागतं, कधी नुसतं थरथरतं. मग शॉक द्यावा लागतो. छोट्या छेदातून नेहमीचे पॅडल आत जात नाहीत, म्हणून सुरुवातीलाच छाती-पाठीवर चिकटपट्ट्या लावून ठेवलेल्या असतात. पेसमेकरची बारीक तारही बहुतेक वेळा हृदय रिकामं असतानाच लावून घेतात. नंतर तिथे पोचणं अवघड जातं.

स्नायू नीट जपला असेल, तर हृदय थोड्या औषधांच्या आधाराने भार घेतं आणि मी पंप हळूहळू बंद करते. कधी पेशी जिवंत असतात, पण स्नायू काही तास किंवा दिवस बधिर झाल्यासारखा मंद चालतो. औषधं जास्त लागतात, आयसीयूतला मुक्काम वाढतो. ऑपरेशननंतर ट्रोपोनिनची रक्ततपासणी करतात, त्यातून स्नायूला किती इजा झाली याचा अंदाज येतो.

मग छोटा छेद घ्यावा की नाही?

योग्य रुग्णाला, सरावाच्या टीमकडून, जरूर. हाड सांधायची वाट बघावी लागत नाही, रक्तस्राव साधारण कमी होतो, घरी थोडं लवकर जाता येतं. पण त्याबद्दल अवास्तव कल्पना नको. ब्रिटनमध्ये मायट्रल झडपेची दुरुस्ती हवी असलेल्या ३३० रुग्णांवर छोटा छेद आणि पूर्ण चिरा यांची तुलना झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १२ आठवड्यांनंतर रुग्णांची हिंडण्या-फिरण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती. सुरक्षितताही साधारण सारखी. हे सगळं अनुभवी सर्जनच्या हातून झालं होतं, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे हा प्रश्न तरुणांचाही आहे. लहानपणी घसा दुखून येणाऱ्या रुमॅटिक तापामुळे झडपा खराब झालेले विशी-तिशीतले रुग्ण भारतात अजूनही दिसतात. तरुण मुलगी, लग्न ठरायचंय, व्रण दिसायला नको, असं घरच्यांना वाटतं. ते मी समजू शकते. पण तिला पुढची चाळीस-पन्नास वर्षं चालवायचंय ते त्या स्नायूच्या जोरावर. निर्णय फक्त व्रणावर घेऊ नका.

सर्जनना भेटाल, तेव्हा फोनमध्ये हे प्रश्न लिहून न्या:

- हे कॅथेटरचं काम आहे की ऑपरेशन? हृदय थांबवणार आहात का, अंदाजे किती वेळ?
- ही टीम अशी ऑपरेशनं नियमित करते का? वर्षाला साधारण किती?
- महाधमनीची झडप गळते का? कोरोनरीत ब्लॉकेज आहे का? असेल तर औषध कोणत्या वाटेने देणार?
- डाव्या कप्प्याची ताकद, म्हणजे इकोवरचा ईएफ, किती आहे? स्नायू जाड झालाय का?
- जांघेतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या नळ्या घालण्याजोग्या आहेत का? त्यासाठी सीटी स्कॅन लागेल का?
- मधेच अडचण आली तर पूर्ण छाती उघडणार ना?

शेवटच्या प्रश्नाला "हो" असं सरळ उत्तर आलं, तर ते चांगलं लक्षण समजा. छोट्या छेदातून सुरू केलेलं ऑपरेशन मोठ्या चिऱ्याने पूर्ण करणं याला हरणं म्हणत नाहीत. हृदय नीट थांबत नाहीये, फुगतंय किंवा वेळ वाढतोय असं दिसल्यावर सर्जननी छाती उघडली, तर त्यांनी व्रणापेक्षा स्नायू महत्त्वाचा मानला. आणि डॉक्टर पहिल्यापासूनच "तुमच्यासाठी पूर्ण चिरा बरा" म्हणत असतील, तर ते जुन्या वळणाचे आहेत असं लगेच ठरवू नका. त्यांना कारण विचारा. बऱ्याचदा ते कारण वरच्याच यादीत सापडेल.

हा भाग डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. पण ओपीडीतल्या त्या पाच-दहा मिनिटांत काय विचारायचं हे माहीत असलं, तर ती वेळ सत्कारणी लागते. घरात कुणाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. आई-बाबांना वाचायचा कंटाळा असेल, तर ऑडिओची लिंक पाठवा.

पुढच्या भागात झडप बदलल्यानंतरची गोष्ट: धातूची झडप, प्राण्यांच्या ऊतींची झडप आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं रोजचं वेळापत्रक. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, एक मिनिटाच्या आतली. भेटू पुढच्या आठवड्यात!